फ्रेमच्या पट्टीला, काचेला, माउंटला (चित्राभोवती लावायच्या पुठ्ठ्याला) सरसकट दुप्पट लावायचं का?

शाहूपुरी_फ्रेमवाला
आमच्या लाइनीत जुना हिशोब म्हणजे माल ज्या भावात आला त्याच्या दुप्पट लावायचं, मजुरी त्यातच धरायची आणि गिऱ्हाईकाला फुटाचा एकच रेट सांगायचा. हे बंद करावं असं माझं मत. धरा एक पट्टी 30 रुपये फुटाची सिंथेटिक आणि दुसरी 200 रुपये फुटाची लाकडी, कापणं, कोपरे जुळवणं, व्ही-नेल (कोपरे जोडायचे V आकाराचे खिळे) मारणं यात फरक उन्नीस-बीसचा, मग एकीत फुटामागं 30 सुटणार आणि दुसरीत 200, हे कुठलं गणित? स्वस्त पट्टीत आपण मरतो आणि भारी पट्टीवालं गिऱ्हाईक रेट ऐकूनच पळतं. माझा हिशोब असा, स्वस्त पट्टीला तिप्पट, भारीला दीडपट, काचेला अडीचपट आणि मजुरी वेगळी. मारा आता दगड.

गंगावेस_जुना_गडी
दीडपटीत 50 टक्के सुटतात असं वाटत असंल तर परत मोज भावा. 100 चा माल 150 ला गेला तर विक्रीवर 33 टक्केच. त्यात आपलं गिऱ्हाईक कमी-जास्त केल्याशिवाय उठत नाही, 30 सोडलेस की हातात राहिले 20. भाडं, लाइट, कामाचा पोरगा सगळं त्यातच भागवणार व्हय? आणि भारी पट्टीचा एक कोन चुकला की कितीला बसतं बघ की, शिवाय ती वर्षभर भिंतीला टेकून उभी, पैसा अडकलेला. जिथं जोखीम तिथं मार्जिन जास्त पायजे, तू नेमकं उलटं करालायस.

शाहूपुरी_फ्रेमवाला
जोखमीचं बरोबर आहे काका, म्हणून तर दीडपट लागलेल्या पट्टीवर लावतो, घेरावर नाही. 16 बाय 22 ची फ्रेम घ्या. घेर 76 इंच, गिऱ्हाईक तेवढंच मोजतं. पट्टी दीड इंच रुंद असली तर चार कोपऱ्यांची आठ टोकं 45 अंशात कापायची, आठ गुणिले दीड, 12 इंच त्यातच गेले, झाले 88. साडेनऊ फुटी पट्टी म्हणजे 114 इंच, उरला 26 इंचाचा तुकडा. त्यातनं या मापाची एक बाजू निघंल फार तर. हा तुकडा कुणाच्या खात्यात टाकायचा? सरसकट दुप्पट लावणारा म्हणतो निघालं असंल त्यातच, पण निघत नाही हो.

रंगपेटी_राजारामपुरी
चित्रं काढणाऱ्यांच्या बाजूनं बोलते. शाहू स्मारकला प्रदर्शन असलं की आम्ही वीस-पंचवीस चित्रं एकदम देतो, सगळी एकाच पट्टीत. तेव्हा याची आखूड बाजू त्याच्या तुकड्यातनं काढता येते, वेस्टेज कमी, तरी रेट तोच? आणि काचेचा स्क्वेअर फुटाचा भाव आता सगळ्यांना माहितीय, तिथं अडीचपट म्हणजे लूट वाटते. माउंटला पाहिजे तेवढे लावा, पण अ‍ॅसिड-फ्री (आम्ल नसलेलं, कागद पिवळा न पाडणारं) द्या. आपल्याकडचा पावसाळा बघता माउंट नसलं की कागद सादळून काचेला चिकटतो, मग वॉटरकलर गेलाच. तिथं पैसे देताना मी कुरकुरत नाही.

शाहूपुरी_फ्रेमवाला
ताई, एकगठ्ठा कामाला पट्टीचा रेट उतरवायलाच पाहिजे, पटलं. काचेला मात्र नाही. काच आणताना फुटते, कापताना फुटते, चरा पडला की गेली. आणि सगळं बसवून मागं टेप मारल्यावर आत एक केस दिसतो बघा, मग टेप काढा, बॅक काढा, काच पुसा, परत सगळं पहिल्यापासून. त्याचे पैसे कशात धरू?

गंगावेस_जुना_गडी
मजुरीत धर म्हणशील, पण वेगळी लिहिलेली मजुरीच पहिली कापली जाते. पट्टीच्या रेटवर कोण वाद घालत नाही, पण "चार खिळं मारायचे दीडशे?" हे ऐकायला लागणारच. म्हणून एकच आकडा सांगायचा, आतलं दाखवायचं नाही.

मंगळवार_पेठेतला_गिऱ्हाईक
दाखवा की राव. एकच आकडा ऐकला की आम्हाला वाटतं तोंड बघून रेट सांगतोय, म्हणून तर घासाघीस करतो. पण स्वस्त पट्टीला तिप्पट लावलं तर मी येणारच नाही. मंडळाच्या सत्काराला शाहू महाराजांचे नाहीतर अंबाबाईचे फोटो लागतात, त्याला रेडिमेड फ्रेमा ढिगानं मिळतात.

शाहूपुरी_फ्रेमवाला
मग रेडिमेडच घ्या की, खरंच सांगतोय. त्या मापात आम्ही टिकत नाही आणि टिकायची धडपड करायचं कारणही नाही. आजोबांचा तिरका कापलेला फोटो नाहीतर साडेतेरा बाय एकोणीसचं चित्र असलं की मग या.

गंगावेस_जुना_गडी
मंडळाच्या कामावरच माझा पावसाळा निघतो, तू खुशाल सोड. लागलेल्या पट्टीचं मात्र बोललास ते खरं, वेस्टेज मीपण धरतोच, फक्त बोलून दाखवत नाही.

मंगळवार_पेठेतला_गिऱ्हाईक
ते 26 इंची तुकडे फुकट कशाला घालवता, 4 बाय 6 च्या बारक्या फ्रेमा करून काउंटरवर ठेवा की.

शाहूपुरी_फ्रेमवाला
4 बाय 6 चा घेर 20, अधिक कोपऱ्यांचे तेच 12, लागले 32. एका तुकड्यात बसत नाही. दोन तुकडे जोडीला घ्यायचे तर त्याच डिझाइनचा दुसरा तुकडा सापडायला पाहिजे, आणि तोवर कंपनीनं ते डिझाइनच बंद केलेलं असतं.