मदत हवी आहे : क्रोशाच्या रंगीत फुलांचा चौथा फेरा आखडतो

नमस्कार. गेल्या दोन महिन्यांपासून मी क्रोशे शिकत असून, सहा पाकळ्यांची षटकोनी फुले विणून त्यांची एक लहानशी दुलई जोडावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. लोकर अ‍ॅक्रिलिकची, चार पदरी आहे आणि सुई साडेतीन मिलिमीटरची आहे.

पहिल्या फेऱ्यात दोन-दोन खांबांचे (सुईवर वेढा घेऊन विणलेल्या उंच टाक्यांचे) सहा गट, दुसऱ्यात प्रत्येक फटीत दोन खांब, एक साखळी (फट ठेवणारा साधा टाका), पुन्हा दोन खांब आणि तिसऱ्यात प्रत्येक साखळीच्या फटीत सात खांब घातले, की गुलाबी पाकळ्या अगदी सपाट आणि टपोऱ्या दिसतात. मात्र चौथ्या फेऱ्यात पांढऱ्या लोकरीने कड विणताना, दोन पाकळ्यांच्या मधून खालच्या फेऱ्यापर्यंत जो लांब टाका घ्यावा लागतो, तो घेतला की फूल वाटीसारखे आत वळते. तो टाका मी फार घट्ट ओढते, की या फेऱ्यासाठी चार मिलिमीटरची सुई घ्यावी?

दुसरी अडचण लोकरीच्या सुट्या टोकांची आहे. प्रत्येक फेऱ्याला रंग बदलल्यामुळे एका फुलामागे आठ टोके उरतात. ती मी बोटभर ठेवून मागच्या टाक्यांतून ओवते, तरी अ‍ॅक्रिलिक निसरडे असल्याने पहिल्याच धुण्यात पिवळ्या मध्याचे टोक सुटले आणि मधले छिद्र मोठे झाले. टोक किती लांब ठेवावे आणि ओवताना दिशा बदलावी का, हे अनुभवी मैत्रिणींनी कृपया सांगावे.