आईच्या नावावर वॉरंट निघालंय का, हे कुठे बघायचं? (बजेट १००० रु.)

सिन्नरचा_पाहुणा
नमस्कार मंडळी. आईचं सिन्नरला चादरी-टॉवेलचं दुकान होतं. लॉकडाऊननंतर बसलं ते बसलंच, शेवटी बंद केलं. सोलापूरच्या एका व्यापाऱ्याची बाकी राहिली होती, त्याला दिलेला चेक २०२२ च्या दिवाळीत वटला नाही. नंतर वकिलाची नोटीस आली, ती आईने कुठल्याशा खणात ठेवली आणि घरात कोणाला सांगितलं नाही. आता परवा फोन आला, "तुमच्या नावाचं पकड वॉरंट निघालंय, आठ हजार टाका, दाबून ठेवतो." तेव्हापासून आई जेवत नाही. खरंच वॉरंट आहे का हे ऑनलाइन कळतं का? खर्च हजाराच्या आत बसवायचाय, मार्चएंड असल्याने सुट्टीही मिळणार नाही. सिन्नर आणि नाशिक, दोन्ही कोर्टांत आईचं नाव टाकून पाहिलं, काही आलं नाही.

कर्जमुक्त_काका
हजारात आजकाल वकील चहाही पीत नाही. आमचे वकील पुण्याचे, एका तारखेचे पाच हजार घेतात, पण माणूस वाघ आहे. नंबर व्यनि (खाजगी निरोप) करू का?

सिन्नरचा_पाहुणा
काका, बजेट शीर्षकातच लिहिलंय.

दुबईरिटर्न
पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट काढा. मी व्हिसासाठी काढलं होतं, चकाचक आलं. सर्टिफिकेट हातात आलं की कोणाच्या बापाला भ्यायचं कारण नाही.

चिकित्सक_चिंतू
पैसे कशाला घालवता? महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर एफआयआर दिसतात. २०१६ पासून सुप्रीम कोर्टाचा आदेशच आहे, चोवीस तासांत अपलोड करायचे. लैंगिक गुन्हे, दहशतवाद वगैरे संवेदनशील प्रकरणं तेवढी वगळतात. जिल्हा आणि पोलिस ठाणं निवडून आईंचं नाव शोधा. नाही सापडलं तर केसच नाही, खुशाल झोपा.

टंकलेखक_कोर्टवाले
झोपू नका. चेकच्या केसला एफआयआर नसतो. कलम १३८ ची, म्हणजे चेक न वटल्याची, तक्रार फिर्यादी वकिलामार्फत थेट मॅजिस्ट्रेटपुढे दाखल करतो, पोलिसांचा संबंध येतो तो पुढे समन्स-वॉरंट बजावायच्या वेळी. म्हणून पोलिसांच्या पोर्टलवर ती जन्मात दिसणार नाही.
आणि धागाकर्ते, तुम्ही कोर्टच चुकीचं शोधताय. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, चेक खात्यात भरला असेल तर ज्याला दिला त्याचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात केस चालते. व्यापारी सोलापूरचा, खातंही बहुधा तिथलंच. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी साइटवर महाराष्ट्र, मग सोलापूर जिल्हा, मग सोलापूरचं कोर्ट संकुल निवडा आणि त्यातलं मॅजिस्ट्रेट कोर्ट बघा. एक रुपयाही लागत नाही.

एक्सेल_मास्टर
फुकटचं ते फुकटच. मी बहिणीच्या स्थळासाठी एका ॲपवरून अहवाल काढला, २४९९ रुपये. मुलाच्या नावावर चक्क फौजदारी केस निघाली! वेळेत नकार कळवला.

माई_मुलुंड
तो तोच मुलगा होता का?

एक्सेल_मास्टर
मधलं नाव वेगळं होतं. पण रिस्क कोण घेणार?

माई_मुलुंड
अहो, म्हणजे दुसऱ्याच माणसाची केस बघून त्या पोराला नाकारलंत! ई-कोर्ट्सवर फोटो नाही, जन्मतारीख नाही. माझ्या भावाच्या नावाचे तीन जण एकट्या ठाणे जिल्ह्यात सापडतात. वडिलांचं नाव आणि फिर्यादी कोण हे जुळल्याशिवाय बोट दाखवू नये.

एक्सेल_मास्टर
ताई, लग्न तुमच्या बहिणीचं नव्हतं.

नागपुरी_संत्रं
ई-कोर्ट्स बघा ना भाऊ. फुकट आहे. कोणी कसं सांगितलं नाही अजून?

चिकित्सक_चिंतू
वरती वाचा.

शोधक_शिरूर
आमच्या भावकीचे दावे शोधून शोधून माझा हात बसलाय, म्हणून लिहितो. पक्षकाराच्या नावाने शोधताना पूर्ण नाव टाकूच नका. तीन अक्षरं पुरतात. कोर्टातल्या नोंदीत कुठे आडनाव आधी, कुठे नाव आधी, आणि इंग्रजी स्पेलिंग तर ज्याने टाइप केलं त्याच्या मर्जीचं. देशमुखात शेवटचा एच नसतो, जयवंतात व्ही की डब्ल्यू हे देव जाणे. वर्ष टाकावंच लागतं, आणि ते दाखल झाल्याचं. प्रलंबित, निकाली की दोन्ही असं विचारतं, तिथे दोन्ही निवडा. सगळ्यात सोपं, आईंचं नाव सोडा, त्या व्यापाऱ्याचं किंवा त्याच्या पेढीचं नाव टाका. आणि दुकानाचंही. चेक दुकानाच्या खात्याचा असेल तर आरोपीच्या जागी दुकानाचं नाव असू शकतं.

टंकलेखक_कोर्टवाले
हे उत्तम सांगितलंत. वर्ष कोणतं तेही काढता येतं. चेक परतल्याचं बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस, मग महिन्याभरात तक्रार. दिवाळी २०२२ धरली तर २०२२ आणि २०२३ ही दोनच वर्षं बघा. प्रकार एससीसी, म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटला, असेल.
वॉरंटची वेगळी यादी लोकांसाठी कुठेही नाही, जे काही कळतं ते केसच्या पानावरूनच. सध्याचा टप्पा बघा, तिथे समन्स आहे की एनबीडब्ल्यू, म्हणजे अजामीनपात्र वॉरंट. मग खाली तारखांच्या इतिहासात एकेका तारखेवर टिचकी मारली की त्या दिवशीचा रोजनामा, म्हणजे कोर्टात काय झालं त्याची नोंद, उघडते. "आरोपीविरुद्ध अजामीनपात्र वॉरंट काढावे" असा हुकूम झाला असेल तर बहुतेक तिथे सापडेल. रोजनामा कधीकधी उशिरा चढतो, तेवढं धरून चाला.

कर्जमुक्त_काका
एवढी कटकट कशाला? वॉरंट निघालं असलं तरी तीन महिन्यांत मरतं. आमच्या मेव्हण्याचं तसंच मेलं.

टंकलेखक_कोर्टवाले
काका, तीन महिने चेकची मुदत असते. वॉरंट बजावलं जाईपर्यंत किंवा कोर्ट रद्द करेपर्यंत जिवंत राहतं. मेव्हण्यांना म्हणावं एकदा तपासून घ्या.

कर्जमुक्त_काका
मेव्हणा आता बेळगावला असतो.

वर्धेची_वकीलीण
त्या फोनबद्दल कोणीच बोलत नाही! वॉरंटवर न्यायाधीशाची सही आणि कोर्टाचा शिक्का असतो, पोलिस ते घेऊन दारात येतात आणि मागितलं तर दाखवतात. जामीनपात्र असेल तर जातमुचलका (हजर राहण्याची लेखी हमी), जामीनदार. अजामीनपात्र असेल तर वकिलामार्फत कोर्टात हजर राहून रद्द करण्याचा अर्ज. फोनवर पैसे घेऊन "दाबून" कोणी ठेवत नाही. शिवाय बाईमाणसाला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही, अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याला आधी मॅजिस्ट्रेटची परवानगी घ्यावी लागते. आईंना हे वाचून दाखवा, त्या जेवतील. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा.

सिन्नरचा_पाहुणा
पैसे दिले नाहीत. आणि सापडलं! व्यापाऱ्याच्या पेढीचं नाव टाकल्यावर सोलापूरला २०२३ ची एससीसी निघाली. आरोपी म्हणून दुकानाचं नाव आणि पुढे आईचं, तेही आडनावाचं स्पेलिंग भलतंच. टप्पा समन्सचा आहे. रोजनामे सगळे उघडून वाचले. प्रत्येक वेळी तेच, समन्स बजावणी न होता परत, दुकान बंद. वॉरंटचा उल्लेख कुठेच नाही. मग त्या फोनवाल्याला केस आहे हे कळलं कसं?

शोधक_शिरूर
जसं तुम्हाला कळलं तसं. पान सगळ्यांना उघडं आहे. नाव वाचायचं, नंबर मिळवायचा, घाबरवायचं.

दुबईरिटर्न
म्हणून म्हणत होतो सर्टिफिकेट काढा.

वर्धेची_वकीलीण
आता समन्सची वाट बघत बसू नका. पुढची तारीख पानावर असेलच. केस आहे हे ठाऊक असून गैरहजर राहिलात तर पुढची पायरी वॉरंटचीच. तुमचं बजेटही सुटतं. विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलेला वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. १५१०० ही हेल्पलाइन, नाहीतर सोलापूरच्या जिल्हा न्यायालयातच त्यांचं ऑफिस आहे. १३८ तडजोडीस पात्र आहे, लोकअदालतीत मिटतं.

कर्जमुक्त_काका
मोफत वकील म्हणजे मोफतचंच काम. आमचा वाघ सोलापूरलाही येतो, गाडीभाडं वेगळं.

सिन्नरचा_पाहुणा
सगळ्यांचे आभार. घरी वाचून दाखवलं. आई म्हणते, वकील बिकील नको, मोफतचाही नको. तो व्यापारी तिच्या लग्नाआधीपासूनचा ओळखीचा, दर संक्रांतीला तिळगूळ पाठवायचा. तिने स्वतःच त्याला फोन लावला. अर्धे आत्ता, उरलेले हप्त्याने असं ठरलंय. ती रविवारी मामाबरोबर सोलापूरला निघाली. अडवून ऐकणारी नाही.

चिकित्सक_चिंतू
मग एवढा धागा कशाला काढला?

टंकलेखक_कोर्टवाले
मिटवा जरूर, पण तोंडी नको. पैसे बँकेतूनच द्या, रोख नाही. काय ठरलं ते दोघांच्या सहीने लिहून घ्या आणि तारखेला कोर्टात तडजोडीची पुरसिस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) दाखल होऊ दे. फिर्यादीने पैसे घेतले म्हणून केस आपोआप बंद होत नाही. तिकडे हप्ते चालू आणि इकडे आरोपी गैरहजर म्हणून वॉरंट, असं मी टाइप केलेलं आहे. तेव्हा रविवारी नुसतं घरी जाऊन भागणार नाही, तारखेला आईंना कोर्टातही उभं राहावं लागेल.

सिन्नरचा_पाहुणा
तारीख मंगळवारची आहे. मामाला सांगतो, दोन दिवस तिथेच थांबा.

नागपुरी_संत्रं
सासऱ्यांच्या शेतावर कोणी दावा टाकलाय का हेही असंच दिसतं का? गट नंबर टाकून?

शोधक_शिरूर
गट नंबरने नाही, नावानेच. सातबाऱ्याच्या इतर हक्कातही बघा. पण त्याला वेगळा धागा काढा.