२०२२चे दिवंगत: राणीसाठी दुखवटा, जलसंजीवनीच्या डॉक्टरला चार ओळी?

मोडीवाचक (धागाकर्ता)
वर्षाअखेरीला ‘यांना आपण मुकलो’ छापाच्या याद्या निघतात. २०२२च्या अशा याद्या परत चाळल्या. एलिझाबेथ राणी, सोव्हिएत संघाचे शेवटचे नेते गोर्बाचेव्ह, जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबे, क्रिकेटपटू शेन वॉर्न, फ्रेंच सिनेदिग्दर्शक गोदार, आपल्या लताबाई. कुणाबद्दलच आकस नाही. पण १६ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. दिलीप महालनोबीस वारले, त्यांचं नाव यातल्या किती याद्यांत आहे?

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येत होते. सीमेजवळच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. महालनोबीसांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून पिंपं भरली, त्यांना तोट्या लावल्या आणि आया-बापांनाच सांगितलं, पाजत राहा. ग्लुकोजबरोबर आतड्यातून सोडियम शोषलं जातं आणि त्यामागे पाणी. सगळी किमया एवढीच. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. आज अंगणवाडीत जलसंजीवनीचं (ओआरएस) पाकीट मिळतं, त्यामागे ही छावणी आहे.

राणीसाठी भारत सरकारने ११ सप्टेंबरला एक दिवसाचा दुखवटा पाळला, तिरंगा अर्ध्यावर. महालनोबीसांना पद्मविभूषण जाहीर झालं ते जानेवारी २०२३मध्ये, मरणोत्तर. माझं म्हणणं सरळ आहे: त्या वर्षीच्या यादीत पहिलं नाव त्यांचं हवं होतं.

तिरपागडा
सपशेल असहमत. श्रद्धांजलीची यादी म्हणजे उपकारांची खतावणी नव्हे. ज्याला आपण ओळखत होतो त्याच्या जाण्याने माणूस हळहळतो. ४ मार्चला वॉर्न गेला, वय ५२. त्याच दिवशी काही तास आधी त्याने ऑस्ट्रेलियाचाच जुना यष्टिरक्षक रॉड मार्शच्या निधनाबद्दल ट्विट केलं होतं. १९९३ला इंग्लंडच्या गॅटिंगची दांडी उडवणारा वॉर्नचा तो चेंडू ज्यांनी पाहिलाय त्यांना दुसऱ्या दिवशी कामात लक्ष लागलं नसेल, माझंही लागलं नाही. महालनोबीसांचं नाव मला आज तुमच्यामुळे कळतंय. थोर माणूस, नमस्कार करतो. पण दुःख झालं असं म्हटलं तर ते खोटं होईल.

निळी शाई
तिरपागडा, कुणाला ओळखायचं हे तरी आपण कुठे ठरवतो? बातम्या ठरवतात. राणीच्या वेळी दहा-बारा दिवस टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. त्यात केनिया कितीदा आला? तिच्याच कारकिर्दीत ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या माऊ माऊ बंडाच्या काळात हजारोंना छावण्यांत डांबून छळलं. ब्रिटिश सरकारने २०१३मध्ये पाच हजारांहून जास्त केनियन लोकांना भरपाई कबूल केली आणि खेद व्यक्त केला. आणि १९९७ला राणी जालियनवाला बागेत आली, पुष्पचक्र वाहिलं, माफी मात्र मागितली नाही.

जुना गिरगावकर
ताई, गेलेल्या माणसाबद्दल वर्षभर तरी वाईट बोलू नये असं आमच्याकडे मानतात. शिवाय राणी कारभार करत नव्हती. छावण्या सरकारने चालवल्या, माफीचा निर्णयही सरकारचाच. ७० वर्षं एका खुर्चीत गप्प बसणं हेही सोपं नाही हो.

निळी शाई
काका, गप्प बसण्याबद्दलच तर तक्रार आहे.

स्प्रे-काठचा
बर्लिनहून लिहितोय. इथल्या लोकांना ३० ऑगस्टची, गोर्बाचेव्ह गेल्याची बातमी मोठी होती. भिंत पडली तेव्हा सोव्हिएत रणगाडे बराकीतच राहिले, याचं श्रेय इथे गोर्बाचेव्हनाच देतात. पण माझी एक सहकारी लिथुआनियाची आहे. तिला जानेवारी १९९१चं विल्नियस आठवतं, जिथे सोव्हिएत सैन्याने निःशस्त्र लोक मारले. ती म्हणाली, मी मेणबत्ती लावणार नाही. खुद्द मॉस्कोत सरकारी इतमामाचा अंत्यविधी जाहीर झाला नाही, पुतिन यांना म्हणे कामातून वेळ नव्हता. नोबेल मिळालेला माणूस, आणि एकाच दफनाला तीन देशांत तीन अर्थ. तेव्हा मोडीवाचक, ‘पहिलं नाव’ कुणाच्या यादीत, हे आधी सांगा.

गावडॉक्टर
मला वेगळाच आक्षेप आहे. जलसंजीवनी एका माणसाच्या नावावर चढवू नका. हेमेंद्रनाथ चटर्जींनी कोलकात्यात कॉलऱ्याच्या रोग्यांना तोंडावाटे मीठ-ग्लुकोजचं पाणी देऊन १९५३मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं, कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९६८ला ढाक्यात डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी नीट मोजमाप करून ते सिद्ध केलं. महालनोबीसांचं मोठेपण पुढचं आहे: नर्स, डॉक्टर पुरे पडत नसताना हे औषध घरच्यांच्या हाती देण्याची छाती. हे आमच्या धंद्यातल्या लोकांना आजही जड जातं. जुलाब झालेल्या पोराला पाकीट लिहून दिलं की आईबापांचा चेहरा पडतो, ‘बाटली लावा’ म्हणतात, आणि बाटली लावणारे मिळतातही.

तिरपागडा
घ्या! काम चौघा-पाचांचं आणि मरण वेगवेगळ्या वर्षी. कॅश गेले २०२४ला. त्यांना २०२२च्या यादीत कसं बसवणार? वर्षवार यादीत खेळाडू आणि राण्याच शोभतात, कारण त्यांचं काम त्यांच्याबरोबर संपतं.

मोडीवाचक
गावडॉक्टर, चटर्जी-नलिन-कॅश ही भर मान्य, धाग्यात हवीच होती. पण तिरपागडा, तुमचा निष्कर्ष उलटा आहे. काम संपत नाही म्हणून नाव गाळायचं, हा कुठला न्याय? आणि स्प्रे-काठचा, यादी कुणाची म्हणाल तर आपली, मराठीत छापलेली. गोर्बाचेव्हबद्दल भांडण होईल, राणीबद्दल झालंच. ज्या छावणीतली पोरं जगली त्यांच्या नावाने कोण भांडेल?

स्प्रे-काठचा
भांडण होत नाही म्हणूनच बातमी होत नाही. आबेंचंच बघा. ८ जुलैला नारा शहरात भरसभेत गोळी घातली, आपल्याकडे दुसऱ्या दिवशी दुखवटा. सप्टेंबरमध्ये जपानमध्ये सरकारी अंत्यविधी ठरला तर लोक विरोधात रस्त्यावर उतरले. वाद झाला, नाव घरोघरी गेलं.

जुना गिरगावकर
पेलेचं कुणीच काढलं नाही? २९ डिसेंबरला गेला, तोवर बऱ्याच याद्या छापून मोकळ्या झाल्या होत्या. तीन विश्वचषक जिंकणारा एकमेव. १९७७ला ईडन गार्डन्सवर मोहन बागानविरुद्ध खेळला, २-२ बरोबरी. डॉक्टरांना राणीच्या वर घाला, माझी ना नाही. पेलेच्या वर मात्र घालू देणार नाही.