गाडी न काढता पुण्याजवळचे किल्ले: खरंच जमतं का?

खिडकीची जागा

परवाच्या रविवारी सिंहगडाच्या वाटेवर खडकवासल्याच्या चौपाटीपाशी सगळ्यांसारखाच पाऊण तास अडकलो होतो. फरक एवढाच की मी ५० नंबरच्या बसमध्ये होतो. बस काही उडून जात नाही, तीही रांगेतच उभी होती. पण शेजारच्या चारचाकीतला माणूस दर दोन मिनिटांनी क्लच दाबत होता, बायको त्याला "मी म्हटलं होतं लवकर निघू" हे चौथ्यांदा सांगत होती, आणि मी उकडलेल्या शेंगा खात होतो.

शनिवारवाड्याहून सुटणारी ही बस थेट सिंहगड पायथ्याला सोडते. आतकरवाडीची पायवाट तिथूनच चढते. वर पार्किंग शोधायला नको, घाटात गाडी मागे घ्यायला नको. पीएमपीचा, म्हणजे आपल्या शहर बसचा, दिवसाचा पास पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत ७० रुपयांना आणि आजूबाजूच्या पीएमआरडीएच्या (महानगर प्रदेशाच्या) सगळ्या भागासाठी १५० रुपयांना मिळतो.

पण पैसे हा माझा मुख्य मुद्दा नाही. गाडी म्हणजे खुंटा असतो. जिथे लावली तिथेच परत यावं लागतं. तोरणा चढायचा, बुधला माचीवरून निघून संजीवनी माचीने राजगडात शिरायचं आणि गुंजवण्याला उतरायचं, हे गाडी तोरण्याच्या पायथ्याला वेल्ह्यात ठेवून करून दाखवा. कात्रज ते सिंहगड तर पुण्यातल्या पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या बसच्याच भरवशावर केलाय.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जे बारा किल्ले गेले त्यांतले तीन आपल्या जिल्ह्यातले: शिवनेरी, लोहगड आणि राजगड. शिवनेरीला शिवाजीनगरची (म्हणजे आता वाकडेवाडीची) जुन्नर गाडी आहे. लोहगडाला लोणावळा लोकल, मळवलीला उतरा आणि चाला. राजगडाला थोडी खटपट आहे, कबूल. तरी म्हणतो, ज्याला दोन पाय आहेत त्याला यातलं काहीही बघायला गाडी लागत नाही.

अण्णा चारचाकी

ते क्लचवाले गृहस्थ मीच नसलो म्हणजे मिळवली.

राजगडाची "थोडी खटपट" जरा उलगडून सांगता का? मीच सांगतो. स्वारगेट गाठायचं. भोरकडे जाणारी गाडी मिळाली तर नसरापूर. तिथून वडाप, म्हणजे माणशी पैसे घेणारी जीप. वडाप दहा माणसं भरल्याशिवाय हलत नाही, आणि दहा म्हणजे त्यांच्या हिशोबाने चौदा. मार्गासनीला उतरून पुन्हा पुढच्या जीपची वाट. गुंजवण्यात पोचेपर्यंत ऊन डोक्यावर. परत येताना हेच सगळं उलटं, थकलेल्या अंगाने.

आता हिशोब करा. जाऊन-येऊन १२० किलोमीटर, माझी गाडी लिटरला १५ देते, म्हणजे ८ लिटर. पेट्रोल लिटरला शंभरच्या वर धरलं तरी चौघांत माणशी सव्वादोनशेच्या आत. एसटी आणि दोन वडापं, दोन्ही बाजूंनी मिळून, याच्या फार खाली येत नाहीत. मग वाचलं काय?

खिडकीची जागा

अण्णा, तुमच्या हिशोबात टोल, वाहनतळाचे पैसे आणि गाडीचा हप्ता नाही. शिवाय चौघं आहेत. मी बहुतेक वेळा एकटा असतो. एकट्याने १२० किलोमीटर गाडी नेऊन बघा एकदा.

अण्णा चारचाकी

एकटा माणूस किल्ल्यावर जातोच कशाला, हा वेगळा धागा होईल.

दोन पोरांची आई

"ज्याला दोन पाय आहेत" हे वाक्य वाचून आधी हसले, मग राग आला. आमच्या घरात एकूण दहा पाय आहेत. त्यातले दोन तीन वर्षांचे, दोन सहा वर्षांचे, आणि दोन सासूबाईंचे, शहात्तर वर्षांचे.

सासूबाईंना एसटीत तिकीट नाही. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे, आणि त्या ते कार्ड देवाच्या फोटोमागे जपून ठेवतात. मलाही मार्च २०२३ पासून अर्धंच तिकीट. म्हणजे पैशाने एसटी आम्हाला पाहुण्यासारखी वागवते. पण एसटीची पहिली पायरी सासूबाईंच्या गुडघ्याच्या वर येते. तिकीट फुकट झालं म्हणून पायरी खाली येत नाही. मागून मी ढकलायचं, वरून कुणीतरी हात द्यायचा, आणि तेवढ्यात कंडक्टरने डबल बेल द्यायची.

जेजुरीला आम्ही बसने गेलो होतो, ते छान झालं. त्या रस्त्याने बारामती, फलटणच्या गाड्या सारख्या जातात, एक चुकली तर दुसरी. सासूबाई खाली थांबल्या, आम्ही भंडारा उधळून आलो. म्हणजे मी बसविरोधी नाही. पण जेजुरी मोठ्या रस्त्यावर आहे. रस्त्यापासून आत असलेल्या ठिकाणी झोपलेलं पोर खांद्यावर घेऊन फाट्यावर उभं राहणं कसं असतं ते तुम्हाला माहीत नाही, हे तुमच्या शेंगांवरून कळतंच आहे.

खिडकीची जागा

ताई, वाक्य मागे घेतो. "दोन धडधाकट पाय आणि हाताशी पोर नाही" असं वाचावं.

हेडटॉर्च

मी एकटी जाते, बसने जाते, बाई आहे. तिन्ही एकत्र आहेत म्हणून लिहिते.

सकाळची वेल्ह्याची एसटी ही माझ्या मते एकट्या मुलीसाठी सगळ्यात निवांत जागा आहे. बायका असतात, बोलतात, "एकटीच का गं?" विचारतात, उत्तर न आवडून काकडी देतात. भीती गाडीत वाटत नाही, गाडीची वाट बघताना वाटते. एकदा तोरण्यावरून उतरायला मीच उशीर केला. झुंजार माचीवर फोटोंच्या नादात दीड तास गेला. खाली आले तर अंधार, आणि पुण्याकडे जायला काही नाही. एका दुकानवाल्या काकूंनी आत बसवलं, चहा दिला, आणि गावातल्या कुणाची तरी पुण्याला जाणारी गाडी बघून त्यात बसवून दिलं. म्हणजे शेवटी खासगी गाडीनेच परत आले, अण्णा, आनंद माना.

तेव्हापासून माझा नियम आहे: शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी हीच माझी शेवटची गाडी. त्यामुळे गडावर तीन तासच मिळतात, आणि हे धागाकर्त्याने लिहिलेलं नाही. बसने किल्ला होतो, पण अर्धाच होतो.

मार्गासनीकर

इतका वेळ वाचत होतो. गावाचं नाव निघालं म्हणून लिहितो.

तुम्ही सगळे म्हणताय आमच्याकडे गाड्या कमी आहेत. कमी आहेतच, पण खरी गोष्ट अशी की त्या तुमच्या उलट्या आहेत. आमच्याकडची महत्त्वाची गाडी म्हणजे मुक्कामी. संध्याकाळी येते, ड्रायव्हर-कंडक्टर गावात जेवून झोपतात, पहाटे उजाडायच्या आत ती गाडी पुण्याकडे निघते. तिच्यात कॉलेजची पोरं असतात, खेड शिवापूरच्या कंपनीत जाणारे असतात, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं असतात. संध्याकाळी तीच माणसं परत. एसटी १९४८ साली सुरू झाली ती गावातल्या माणसाला तालुक्याला आणि शहराला न्यायला. तुम्हाला सकाळी वर यायचंय आणि संध्याकाळी खाली जायचंय. वेळापत्रक आमच्या तोंडाकडे बघून केलंय, तुमच्याकडे त्याची पाठ आहे.

त्यात रविवारी शाळेच्या फेऱ्या नसतात. म्हणजे तुमची गर्दी ज्या दिवशी, त्या दिवशी आमच्याकडे गाड्या आणखी कमी. जी येते तिच्यात पाठीवर सॅकचं पोतं घेतलेली तीस पोरं स्वारगेटलाच चढलेली असतात. पोती सीटवर, आणि बाजाराहून परतणारी बाई उभी. हे रोज नाही होत, पण जून ते सप्टेंबर होतं. खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश होता, ती जागा एरवी कुणाची असते ते बघत चला.

आणि "लोक बसने आले तर गाड्या वाढतील" असं कुणी लिहायच्या आत सांगतो. एसटी भारमान बघते, म्हणजे गाडी किती भरते ते. चार महिन्यांतल्या रविवारच्या गर्दीवर बारमाही फेरी टिकत नाही. एसटीच्या २०२१-२२ च्या संपात पीएमपीच्या गाड्या आमच्या बाजूला यायला लागल्या होत्या, बायका-पोरांची चांगली सोय झाली होती. संप मिटल्यावर पीएमपीने ग्रामीण भागातले बरेच मार्ग परत बंद केले. तेव्हा शहरातल्या कुणी ट्रेकरने अर्ज केल्याचं मला आठवत नाही.

खिडकीची जागा

हे वाचून दोनदा उत्तर लिहिलं आणि पुसलं. पोत्याचं मान्य. सीटवर मीही ठेवलेलं आहे.

पण गाडी उलटी आहे तर आपणच उलटं का जाऊ नये? शनिवारी संध्याकाळी मुक्कामी गाडीने गावात यायचं, गावातच कुणाकडे पिठलं-भाकरी खाऊन अंगणात पडायचं, पहाटे गड चढायचा आणि दुपारी जी मिळेल त्या गाडीने परत. हेडटॉर्च यांचा "अर्धा किल्ला" पूर्ण होतो, गावात चार पैसे राहतात. जुने ट्रेकर हेच करायचे. एका दिवसात जाऊन यायचं हे खूळ चारचाकीबरोबर आलं.

अण्णा चारचाकी

म्हणजे रविवारच्या सहलीला शनिवारी दुपारी निघायचं. माझ्या कारखान्यात शनिवारी पाळी असते साहेब. जुने ट्रेकर बहुतेक बँकेत होते.

आणि बस-बस करणाऱ्यांनी सिंहगडाचा प्रयोग विसरू नये. २०२२ च्या मे महिन्यात खासगी गाड्या खाली अडवल्या आणि वर न्यायला पीएमपीच्या ई-बस लावल्या. गर्दी एवढी, गाड्या तेवढ्या, चार्जिंगची सोय तोकडी. महिनाभरही चाललं नाही. सरकारने ठरवून, रस्ता मोकळा करून दिलेली बस जर तीस किलोमीटरवर टिकत नाही, तर वेल्ह्याच्या आतल्या गावाची कथा काय सांगता.

खिडकीची जागा

योजना फसली ती तयारी नसताना ऐन मे महिन्यात सुरू केली म्हणून. अजिंठ्याला जाऊन या. खासगी गाडी लेण्यांपर्यंत जातच नाही. फर्दापूरच्या टी-पॉइंटला गाडी लावायची आणि शेवटचे चारेक किलोमीटर एसटीच्या गाडीने. वर्षानुवर्षं चाललंय. माथेरानलाही दस्तुरी नाक्यावर गाडी सोडावीच लागते, आणि तिथे जाऊन तुम्हीच म्हणता "काय शांत आहे हो". पायथ्यापर्यंत तुमची गाडी चालेल, मला काही अडचण नाही. घाटात बस असावी.

अण्णा चारचाकी

अजिंठ्याला खिडकीवर तिकीट काढून आत जावं लागतं, बंद व्हायची वेळ ठरलेली, सोमवारी सुट्टी. सिंहगडावर माणसं राहतात. ताक, दही, कांदाभजी विकणाऱ्यांचं घर त्या रविवारवर चालतं. बस कमी पडली आणि गिऱ्हाईक अर्ध्यावर आलं तर त्यांनी काय करायचं? पायथ्यापर्यंत गाडी आणि पुढे बस, याला मात्र माझी हरकत नाही. फक्त बस खरोखर असावी. फलकावर नको, रस्त्यावर.

हेडटॉर्च

पीएमपीने शनिवार-रविवारी ५०० रुपयांत पर्यटन बस काढल्यात, वातानुकूलित. माझ्या आईने नेलं सगळ्या भिशीला. त्या खूश. पण ती सहल झाली, प्रवास नाही. उतरायचं, बघायचं, हजेरी, परत चढायचं. शहात्तर वर्षांच्या आजींना मात्र तीच बरी पडेल, ताई.

दोन पोरांची आई

बघते. सहा वर्षांचा मात्र आता हट्टाला पेटलाय की किल्ला पाहिजे आणि आगगाडीही पाहिजे. लोहगड जमेल का लोकलने? धाकटी आजीजवळ राहील.

हेडटॉर्च

सहा वर्षांच्या पायांना मळवली स्टेशनापासून लोहगड जास्त होतो, परत येताना तुमच्या पाठीवर येईल. त्यापेक्षा भाजे लेणी करा. स्टेशनपासून चालत अर्धा-पाऊण तास, मग थोड्या पायऱ्या. तिथून लोहगड आणि विसापूर दिसतात, त्याला सांगा हाच किल्ला. सकाळी लवकर जा, दुपारी लोकल विरळ असतात. डबा न्या.

दोन पोरांची आई

"दिसतो तो किल्ला" यावर तो मानणार नाही, पण आगगाडीवर भागेल.

खिडकीची जागा

मार्गासनीकर, येत्या शनिवारी मुक्कामीने येतो म्हणतो. पोतं मांडीवर. अण्णांनाही विचारलंय, ते पाळी सुटल्यावर गाडी कात्रजला मेहुण्याकडे लावून येतो म्हणाले. स्वारगेटहून किती वाजता निघते?

मार्गासनीकर

वेळ इथे लिहीत नाही, उद्या बदलली तर मलाच शिव्या घालाल. स्वारगेटला चौकशीच्या खिडकीवर विचारा, चढल्यावर कंडक्टरला पुन्हा विचारा. सुट्टे पैसे आणा. अण्णांना सांगा, कात्रजहून बसायला जागा मिळत नाही, उभं राहावं लागेल. आणि जेवायला किती माणसं ते शुक्रवारपर्यंत कळवा, भाकऱ्या मोजून थापतात.