नाताळचे मसाल्याचे चॉकलेट ट्रफल : तूप का सुटते?

विषय: नाताळ स्नेहमेळावा – ट्रफलच्या कृतीविषयी विचारणा
१७ नोव्हेंबर

सर्व सदस्यांना सप्रेम नमस्कार.

आपला नाताळ स्नेहमेळावा डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आहे. सभागृहात ओव्हन नाही. किटली, मायक्रोवेव्ह आणि एक लहान फ्रिज एवढीच सोय आहे. म्हणून यंदा केकऐवजी, काहीही भाजावे न लागणारे मसाल्याचे चॉकलेट ट्रफल मुलांच्या हातून वळून घ्यावेत, असे खाद्यसमितीने ठरवले आहे. शिवाय तेव्हा मार्गशीर्ष चालू असेल आणि अनेक घरांत या महिन्यात अंडे वर्ज्य असते. ट्रफलमध्ये अंडे लागत नाही, ही मोठीच सोय आहे.

मात्र एक अडचण मांडते. पुण्याहून बहिणीने लिहून पाठवलेली कृती मी गेल्या नाताळात दोनदा करून पाहिली. २०० ग्रॅम डार्क चॉकलेट, १०० ग्रॅम क्रीम, आणि वरून एक चमचा वेलची-दालचिनीची पूड. बहिणीकडे हे ट्रफल अतिशय सुरेख होतात. मी इथल्या, म्हणजे ब्रिटनमधल्या, दुकानातले ७० टक्के कोकोचे चॉकलेट आणि डबल क्रीम घेतले, तर दोन्ही वेळा वर तुपाचा तवंग आला, खाली दाणेदार गोळा राहिला आणि मसाल्याची पूड दाताखाली कचकचत राहिली. माप अगदी काट्यावर घेतले होते. चूक कुठे होते आहे, हे कोणी सांगू शकेल का?

आपली,
खाद्यसमितीची एक सदस्या

---

विषय: उत्तर – ट्रफलच्या कृतीविषयी विचारणा
१८ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुमच्या हातून चूक झालेली नाही. बहिणीची कृती तिथल्या जिन्नसांसाठी बरोबर आहे. तेच आकडे तुम्ही इथल्या जिन्नसांना लावलेत, इतकेच.

चॉकलेट आणि गरम क्रीम यांच्या मिश्रणाला गनाश म्हणतात आणि ट्रफल म्हणजे घट्ट झालेल्या गनाशचा गोळा. गनाश तुकतुकीत दिसते, कारण त्यात स्निग्धांशाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात विखुरलेले असतात. हे थेंब वेगळे धरून ठेवायला पुरेसे पाणी हवे. पाणी कमी पडले की थेंब एकमेकांना मिळतात आणि तूप सुटते. भारतात खोक्यात मिळणाऱ्या फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश साधारण २५ टक्के असतो, इथल्या डबल क्रीममध्ये सुमारे ४८ टक्के. त्यात ७० टक्के कोकोच्या चॉकलेटमध्ये कोको बटर बरेच जास्त असते, एकूण स्निग्धांश ४० टक्क्यांच्याही वर जातो. तुमच्या २०० ग्रॅम चॉकलेटमधून ८० ग्रॅमहून अधिक आणि १०० ग्रॅम क्रीममधून ४८ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ १३० ग्रॅम स्निग्धांश आला आणि त्याला सांभाळायला पाणी होते जेमतेम ४७ ग्रॅम. बहिणीच्या क्रीममध्ये तेच पाणी ६५ ग्रॅमच्या पुढे असते, आणि तिचे चॉकलेट ५०-५५ टक्क्यांचे असेल तर स्निग्धांशही पुष्कळ कमी. ती कंपाउंड चॉकलेट वापरत असेल, तर त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते आणि त्याचा स्वभाव आणखी निराळा. म्हणून कृती वाचताना नुसते वजन पाहू नये, क्रीमच्या डब्यावरचा आणि चॉकलेटच्या वेष्टनावरचा स्निग्धांशाचा आकडाही पाहावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

उपाय सोपा आहे. ७० टक्क्यांच्या २०० ग्रॅम चॉकलेटला १०० ग्रॅम डबल क्रीम आणि ३० ग्रॅम सायीसकट दूध घ्यावे. दुधामुळे क्रीमचा स्निग्धांश ३८ टक्क्यांच्या आसपास येतो आणि पाण्याची उणीव भरून निघते. मुलांना ७० टक्क्यांचे चॉकलेट कडू लागेल. त्यांच्यासाठी निम्मे ७० टक्क्यांचे आणि निम्मे ५० टक्क्यांचे घ्यावे, पण मग दूध २० ग्रॅमच घालावे, नाहीतर गोळे मऊ राहतील.

आता मसाल्याकडे वळते, कारण माझ्या मते या पदार्थाचे खरे सुख तिथे आहे. चांगल्या चॉकलेटचे कण इतके बारीक दळलेले असतात (एका मिलिमीटरचा सुमारे पन्नासावा भाग) की जिभेला ते जाणवतच नाहीत. त्यात आपण घरी कुटलेली वेलची घातली, तर ती कितीही वस्त्रगाळ केली तरी जिभेला वाळूसारखी लागणारच. म्हणून मसाला अख्खा घ्यावा आणि त्याचा अर्क क्रीममध्ये उतरवावा. वरच्या मापाला ७-८ हिरवे वेलदोडे सालीसकट ठेचून, इंचभर दालचिनी आणि दोनच लवंगा पुरतात. तिसरी लवंग घालण्याचा मोह टाळावा. लवंगेने जीभ किंचित बधिर होते आणि मग चॉकलेटची चव लागत नाही. क्रीम, दूध आणि मसाला एकत्र करून कडेने बुडबुडे येईपर्यंत तापवावे, झाकण ठेवून वीस मिनिटे मुरू द्यावे, मग बारीक चाळणीने गाळून घ्यावे. या मसाल्यांचा सुगंध त्यांच्या तेलात असतो आणि तेल स्निग्धांशात चांगले उतरते, त्यामुळे क्रीम हे त्यासाठी उत्तम माध्यम आहे.

गाळल्यानंतर क्रीम पुन्हा वजनकाट्यावर ठेवावे, ही गोष्ट मी मुद्दाम वेगळी सांगते आहे. काही पाणी वाफ होऊन जाते, काही क्रीम मसाल्याला चिकटून राहते आणि १३० ग्रॅमचे ११० कधी झाले ते कळतही नाही. जेवढे कमी भरेल तेवढे दूध घालून वजन पूर्ववत करावे. मी स्वतः हे न केल्यामुळे पूर्वी दोनदा मिश्रण बिघडवले आहे.

मग हे क्रीम पुन्हा तापवून बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओतावे, दोन मिनिटे हात लावू नये आणि नंतर मधोमध लहान वर्तुळात ढवळत हळूहळू बाहेर यावे. जायफळ किसायचे ते आत्ता, पाव चमच्याहून कमी, सर्वांत बारीक किसणीवर. उकळीत घातले तर त्याचा वास उडतो. पुरणात आपण जायफळ शेवटीच घालतो, तसेच हे. चिमूटभर मीठ घातल्यास कडूपणा सौम्य होतो.

एवढे करूनही तूप सुटलेच, तर मिश्रण टाकून देऊ नये. एकेक चमचा कोमट दूध घालून मधोमध ढवळत राहिले की दोन-तीन चमच्यांत ते पुन्हा सांधते. उलट ते फ्रिजमध्ये ठेवून आपोआप सुधारेल असे समजलात, तर सुटलेले तूप वरच गोठेल.

घट्ट होण्यासाठी खोलीच्या तापमानाला चार-पाच तास आणि वळण्यापूर्वी अर्धा तास फ्रिज, हा क्रम चांगला. बेसनाचे लाडू आपण मिश्रण कोमट असताना, दाबून, सावकाश वळतो. इथे सगळे उलटे आहे. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळते आणि तळहात त्याहून फार थंड नसतो, त्यामुळे गोळा तळव्यात दोन-तीन फेऱ्यांत वळून लगेच कोकोच्या ताटलीत सोडावा. हात गार पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. आणि गोळे अगदी गोल करण्याचा अट्टहास नको. मातीतून काढलेल्या ट्रफल नावाच्या काळ्या, ओबडधोबड अळंबीसारखे ते दिसतात, म्हणूनच त्यांना हे नाव मिळाले आहे.

आपली,
मंडळातील एक ज्येष्ठ सदस्या

---

विषय: उत्तर – तूप सुटण्यावरून आठवले
१९ नोव्हेंबर

आदरणीय काकूंस व सर्वांस नमस्कार.

मी मूळचा मडगावचा. काकूंचे पत्र वाचताना आमच्या घरचे दोदोल आठवले. तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा काळा गूळ पितळी भांड्यात तासन्‌तास घोटायचा आणि नारळाचे तेल कडेने सुटू लागले की दोदोल झाले, असे आजी सांगायची. तिथे तेल सुटणे ही पदार्थ सिद्ध झाल्याची खूण, आणि इथे तीच बिघडल्याची. त्यामुळे गनाश पहिल्यांदा करताना कडेला चमक दिसल्यावर मला आनंद झाला होता आणि मी ते आणखी ढवळत राहिलो होतो. काकूंनी कारण समजावून सांगितले, याबद्दल त्यांचे मनापासून आभार.

‘नाताळ’ हा शब्दच मराठीला पोर्तुगीजांकडून मिळाला आहे, आणि गोव्यात नाताळ म्हटला की कुस्वाराचे ताट शेजारीपाजारी जाते. नेवऱ्या, दोदोल, बेबिंक, कुलकुल, चण्याच्या डाळीचा दोस, असे सारे त्यात असते. आमच्याकडून हिंदू शेजाऱ्यांकडे नाताळचे ताट जायचे आणि चवथीला त्यांच्याकडून नेवऱ्या यायच्या. म्हणून माझी एक विनंती आहे. ट्रफल सभागृहातच संपवू नयेत. प्रत्येक मुलाने चार ट्रफल डबीत घालून आपल्या इंग्रज शेजाऱ्याला स्वतः नेऊन द्यावेत.

जे दूध घेत नाहीत, त्यांच्यासाठी मी नारळाच्या दुधाचे ट्रफल करून आणीन. डब्यातल्या दाट नारळाच्या दुधात पाणी मुळातच भरपूर असते, त्यामुळे २०० ग्रॅम चॉकलेटला १०० ग्रॅम पुरते आणि वेगळे दूध लागत नाही. मात्र डबा आधी नीट हलवून घ्यावा, नाहीतर वर जमलेली निव्वळ साय ओतली जाते आणि आजीचे तेल सुटलेच म्हणून समजावे. मसाल्यात मी वेलचीऐवजी सुंठ आणि चार मिरे घेतो. नारळाबरोबर ते अधिक जुळतात.

आपला,
मडगावचा सदस्य

---

विषय: जायफळ आणि नट ॲलर्जी
२० नोव्हेंबर

नमस्कार.

माझ्या मुलाला अक्रोड आणि काजूची तीव्र ॲलर्जी आहे. जायफळाच्या इंग्रजी नावात ‘नट’ आहे. त्याला हे ट्रफल चालतील का? त्याला बाजूला बसवून ठेवावे लागू नये, एवढीच इच्छा आहे.

एका सदस्याची आई

---

विषय: उत्तर – जायफळ आणि नट ॲलर्जी
२० नोव्हेंबर

नमस्कार ताई,

तुम्ही आधी विचारलेत हे फार बरे झाले. जायफळ हे एका झाडाच्या फळातले बी आहे आणि त्याच्याभोवतीची लाल जाळी म्हणजे जायपत्री. बदाम, काजू, अक्रोड, पिस्ते ज्या ॲलर्जीच्या गटात येतात, त्या गटात जायफळ मोडत नाही. ब्रिटनच्या नियमांत नोंदवलेल्या १४ ॲलर्जीकारक घटकांतही ते नाही. तरीही मुलाला जायफळाचा वेगळा त्रास कधी झाला असेल, तर त्याच्या डॉक्टरांचाच शब्द अखेरचा मानावा.

खरी काळजी जायफळाची नाही, चॉकलेटची आहे. पुष्कळ चॉकलेटच्या वेष्टनावर नटचे अंश असू शकतात अशी सूचना असते, कारण एकाच यंत्रावर बदामाचेही चॉकलेट तयार होते. म्हणून ज्या वेष्टनावर ही सूचना नाही आणि घटकांतही नट नाहीत, असेच चॉकलेट समिती खरेदी करील, आणि खरेदीनंतर सर्व वेष्टनांची छायाचित्रे तुम्हाला पाठवील. तुम्ही पाहून होकार दिल्यावरच ती पाकिटे उघडली जातील. पिस्त्याच्या पुडीत गोळे घोळवण्याचा विचार होता, तो आम्ही पूर्णपणे सोडला आहे. एक टेबल वेगळे ठेवून भागत नाही, कारण मुलांचे हात सगळीकडे फिरतात. घोळवण्यासाठी फक्त कोको आणि सुके खोबरे असेल. दूध आणि सोया यांची नोंद प्रत्येक डबीवर मराठीत आणि इंग्रजीत लिहिली जाईल. चॉकलेटमधले लेसिथिन (मिश्रण एकजीव ठेवणारा घटक) बहुधा सोयाचे असते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. शेजाऱ्यांकडे जाणाऱ्या डब्यांसाठी तर ही नोंद अत्यावश्यकच आहे.

खाद्यसमिती

---

विषय: तूप सुटले नाही
२३ नोव्हेंबर

आदरणीय काकू,

काल रात्री तुमच्या मापाने केले. गाळल्यावर क्रीम ११४ ग्रॅम भरले, त्यात १६ ग्रॅम दूध घातले आणि गनाश आरशासारखे झाले. साधारण १३ ग्रॅमचे २४ गोळे वळले. वेलचीचा वास प्रथम येतो आणि जायफळ शेवटी, चॉकलेट विरघळल्यानंतर जाणवते. घरात सर्वांना आवडले. फक्त सासूबाईंना दालचिनी थोडी अधिक वाटली. इथे दालचिनी म्हणून बहुधा जाड सालीची कॅशिया मिळते आणि ती उग्र असते, म्हणून मेळाव्यासाठी अर्धाच इंच घेईन.

मेळाव्याला १२० जण येतील असे धरून प्रत्येकी दोन, म्हणजे दहा घाणे लागतील : २ किलो चॉकलेट, १ किलो डबल क्रीम आणि दूध. मुलांसाठीचे घाणे काकूंनी सांगितल्याप्रमाणे निम्म्या-निम्म्या चॉकलेटचे करू. शेजाऱ्यांच्या डब्यांसाठी आणखी पाच घाणे धरले आहेत. गनाश पाच घरांनी आदल्या रात्री तयार करून उथळ ताटांत आणावे आणि सभागृहात मुलांनी फक्त वळावे. ताज्या क्रीमचा पदार्थ असल्यामुळे उरलेले ट्रफल फ्रिजमध्ये ठेवून आठवडाभरात संपवावेत, हेही डबीवर लिहू.

पैकी चार घरे ठरली आहेत. पाचव्या घराने कृपया बुधवारपर्यंत कळवावे. ज्यांच्याकडे ग्रॅम दाखवणारा वजनकाटा नाही, त्यांना मी माझा नेऊन देईन.

आपली,
खाद्यसमितीची एक सदस्या