ड्रॅगनसाठी उंच झाड नको, वड घ्या

तुम्ही विचारलंत, तुमच्या कथेतल्या एल्फ (परीकथांतले रानात राहणारे लोक) सरदार घराण्याचा झाडावरचा किल्ला आणि राखणदार ड्रॅगन एकाच झाडावर मावणार कसे? माझं मत, उंच सरळसोट झाड नकोच, वड घ्या. आमच्या ठाण्यात कुठल्याही जुन्या वडाखाली उभे राहा, पारंब्या जमिनीत रुजून खांब झालेल्या दिसतात. कोलकात्याजवळच्या बोटॅनिकल गार्डनमधल्या वडाचं मूळ खोड १९२५ साली काढून टाकलं, तरी तो हजारो पारंब्यांवर उभा आहे. कथेतला मूळ पुरुष कधीच गेलाय आणि घराणं तेवढं टिकलंय, हे त्यात आपोआप बसतं!

वजनाची फार काळजी नको. फ्लोरिडात १९६३ साली मोजलेलं गरुडाचं घरटं दोन टनांहून जड होतं. त्यामुळे मधल्या आकाराचे ड्रॅगन जाड फांद्यांना पेलवतील.

खरा प्रश्न विष्ठेचा. आमच्या सोसायटीच्या दारातल्या झाडावर रातबगळ्यांची वस्ती आहे, त्याखाली एकदा स्कूटर लावलेला माणूस पुन्हा लावत नाही. मग ड्रॅगन वर आणि सरदारांचा दिवाणखाना खाली कसा चालेल? ड्रॅगन बुंध्यापाशी ठेवा, राखणही तिथेच लागते. आणि झाडलोट धाकट्या राजपुत्राकडे द्या, भांडणाला विषय मिळेल.