मानेत गाठ नाहीये तरी मानेचं ऑपरेशन कशाला? (जिभेचा कॅन्सर)

कृष्णाकाठ:
पप्पांच्या (वय 58) जिभेच्या डाव्या कडेला फोड होता, तीन महिने बरा होईना. आधी दाढेचं टोक लागतंय म्हणून दाढ घासून आणली, मग बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या झाल्या, शेवटी बायोप्सी केली तर कॅन्सर निघाला. तीस वर्षं तंबाखू-चुना, आता पुडी फेकलीये. फोड दोन सेंमीच्या आत आहे पण आत 6 मिमी खोल गेलाय म्हणे. सोनोग्राफी आणि एमआरआय दोन्हीत मान क्लिअर आहे तरी सर्जन म्हणतात जिभेबरोबर डाव्या बाजूच्या मानेतल्या गाठी पण काढायच्या. जे दिसतच नाहीये ते काढायचं कशाला? त्यात आत्या म्हणते कात्री लागली की कॅन्सर भडकतो, बायोप्सी केली तिथंच चुकलं, ते ऐकून पप्पा आता ऑपरेशनच नको म्हणून बसलेत. खर्चाचं टेन्शन नाही, योजनेत बसतंय. कुणाला अनुभव असेल तर सांगा

चहाबाज:
आत्याबाईंचं आधी बोलतो, कारण आमच्या काकांचं ह्याच वाक्यापायी वाटोळं होत होतं. गालाच्या आत चट्टा होता, कुणीतरी हेच सांगितलं आणि चार महिने कसली तरी पावडर मधातून चाटत बसले. त्या चार महिन्यांत कुणी कात्री लावली नव्हती तरी जबड्याखाली बोराएवढी गाठ आली, टणक, हलायची पण नाही. मग मोठं ऑपरेशन, रेडिएशन, केमो सगळंच. आता तीन वर्षं झाली, बरे आहेत, पण तिखट खाता येत नाही आणि त्यावरून रोज काकूशी भांडण.

आणि हो, त्यांच्या मानेत खालपर्यंतच्या गाठी काढल्या होत्या, चौथ्या दिवशी नळीतून दूध घातलं तर ड्रेनच्या (जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या) डब्यात पण दुधासारखं पांढरं यायला लागलं, आम्ही हादरलो, वाटलं टाकाच सुटला. डॉक्टर म्हणाले आतड्यातली चरबी नेणारी मोठी लसवाहिनी डाव्या बाजूला मानेच्या तळाशी शिरेला मिळते, तिथं गळतंय. आठवडाभर बिनचरबीचं खाणं आणि घट्ट पट्टी, थांबलं.

नवखा_77:
पेट स्कॅन करून घ्या, सगळं दिसतं. गाठ नसेल तर मान उघडायची गरजच नाही

स्लाइडवाली:
नाही हो, पेटमध्ये पण मिलिमीटरच्या हिशोबातलं सुटतं. मी पॅथॉलॉजीत आहे, दिवसभर ह्याच गाठी चिरते, म्हणून जरा लांब लिहिते.

लहानपणी पायात खिळा गेला की जांघेत अवधाण यायचं ना? जखम पायाला आणि गाठ जांघेत, कारण पायाचा निचरा तिथून जातो. रक्तवाहिन्यांतून पाणी सतत पाझरत असतं, दिवसाला काही लिटर, ते बारीक नळ्या गोळा करून परत रक्तात सोडतात, उसाच्या रानात चर काढतात तसं. ह्या नळ्यांच्या वाटेवर गाळणीसारख्या छोट्या गाठी सगळ्यांनाच असतात, सर्जन काढायच्या म्हणतात त्या ह्याच. ह्या नळ्यांची सुरुवातीची भिंत एका पेशीच्या जाडीची, पेशींच्या कडा नुसत्या एकमेकींवर टेकलेल्या, त्यामुळे कॅन्सरच्या पेशीला आत शिरायला रक्तवाहिनीपेक्षा इथं सोपं. जिभेत हे जाळं दाट, आणि जीभ सारखी हलते. तिथून वाट जबड्याखाली आणि मग मानेच्या मोठ्या शिरेच्या कडेनं खाली. फोड जितका खोल तितक्या जास्त नळ्या हाताशी, म्हणून सर्जन 6 मिमीवर अडून बसलेत.

स्कॅनवर गाठ साधारण सेंटीमीटरची झाली किंवा आतून बदलली की संशय घेतात. मी स्लाइडवर बघते ते गाठीच्या सालीच्या लगेच आत जांभळ्या पेशींचा एक पुंजका, कधी 2 मिमीचा पण नाही, आणि बाहेरून ती गाठ अगदी मऊ, वाटाण्यासारखी. मान क्लिअर म्हणून पाठवलेल्या चारातल्या एकाच्या आसपास असं निघतं.

हा वाद आपल्याकडेच मिटलाय खरं तर. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये डी'क्रूझ आणि टीमनं तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरचे पेशंट दोन गटांत वाटले, एका गटाच्या मानेतल्या गाठी तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच काढल्या, दुसऱ्याच्या मानेत गाठ आली तरच. 500 जणांचा हिशोब 2015 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला, तीन वर्षांनी पहिल्या गटातले 80 टक्के हयात, दुसऱ्यातले 67.5. वाट बघणाऱ्यांत कॅन्सर परत आला तो बहुतेक मानेत आणि तोवर गाठ मोठी होऊन. फोड एका कडेला आहे म्हणून एकच बाजू, मध्यरेषेजवळ असता तर दोन्ही बाजूंचं बोलले असते. पूर्वी ह्या ऑपरेशनात मानेचा स्नायू, शीर, खांद्याची नस सगळंच जायचं, आता ते वाचवतात. तरी खांदा थोडे दिवस जड होतो, हे आधीच विचारून घ्या.

बायोप्सीनं भडकत नाही. बायोप्सीनंतर उशीर केला तर वाढतो आणि नाव बायोप्सीचं होतं.

कृष्णाकाठ:
अपडेट द्यायचं राहिलं, सॉरी. अवधाणाचं सांगितल्यावर पप्पा तयार झाले, म्हणाले हे मला कुणी आधी का नाही सांगितलं. ऑपरेशन झालं, काल रिपोर्ट आला, मानेतल्या 27 गाठींपैकी एकीत निघालं, 4 मिमी, साल फोडून बाहेर गेलेलं नाही असं लिहिलंय. आता रेडिएशन द्यायचं का ते डॉक्टरांच्या मीटिंगमध्ये ठरवणार आहेत, त्याआधी दात दाखवून घ्या म्हणाले. आत्या गप्प आहे. डावा हात खांद्याच्या वर जात नाहीये, शर्ट घालताना ओरडतात, व्यायाम कधी सुरू करायचा?

चहाबाज:
सर्जनना विचारून लगेच. काकांना ड्रेन काढल्यावर भिंतीवर बोटं चढवायला लावली होती, रोज पेन्सिलनं खूण करायचो. भिंत अजून तशीच आहे, रंग द्यायला काकू देत नाही.